अंगणातला राऊटर

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी भाड्याचा विषयच काढला नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला आतल्या खोलीतल्या बाजेवर आडवं व्हायला सांगितलं आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले.

“मास्तर, डोळे मिटा. म्या टाळी वाजवली की बाहेर या.”

नवरा माझ्याकडं बघायला लागला. आम्ही परंड्याहून आलेलो, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून. सास्तूरला आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं आणि दोन दिवसांत त्याला शाळेवर हजर व्हायचं होतं. तो मुकाट्यानं आडवा झाला. टाळी वाजली. तो उठला, चपला शोधून पायात घातल्या, पडदा बाजूला केला आणि अंगणात आला.

“अकरा,” मालक म्हणाले. ते मनात अंक मोजत होते. “चपला कशाला घालायच्या? परत.”

तिसऱ्या खेपेला तो सातावर आला. मग माझी पाळी. मी सहाव्या अंकाला बाहेर होते. हे सगळं गमतीचं आहे असं समजून मी हसले, पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. पोरांना परीक्षेला बसवून बाहेर थांबलेल्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“जमंल,” ते म्हणाले. “सामान आणा. पर दाराच्या वाटंत कायबी ठेवायचं न्हाय.”

सगळं गाव त्यांना वायरमन काका म्हणायचं. त्यांची सगळी नोकरी विजेच्या खांबांवर चढण्यात गेली होती. अंगानं काटक, एका हाताचा अंगठा कधीतरी भाजून काळा पडलेला, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. एवढ्या उंचीवर भीती नाही का वाटायची, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, “खांबावर कसलं भ्या? तिथं डोस्क्यावर आभाळच की.”

त्यांना भीती होती ती डोक्यावर असलेल्या प्रत्येक गोष्टीची. कुठंही गेले की उंबऱ्याबाहेर थांबून मान वर करायची आणि विचारायचं, “वर काय हाय?” बँकेत विचारायचे, देवळात विचारायचे, लग्नाच्या मांडवात तर जायचेच नाहीत, बाहेर उन्हात उभं राहून जेवायचे. आम्हाला दिलेलं घर त्यांचंच, त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर गाव नव्यानं वसवलं तेव्हा सरकारनं बांधून दिलेलं, दोन खोल्या आणि वर स्लॅब. त्या घरात ते एक दिवसही राहिले नव्हते. अंगणाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवून वर ताडपत्री टाकली होती, तिच्याखाली त्यांची बाज, चूल आणि एक पत्र्याची पेटी. पावसाळा असो की थंडी, ते तिथंच. घरात काही बिघडलं तर दारात उभं राहून टेस्टरनं दाखवायचे, कुठली वायर सोडवायची ते सांगायचे, आणि सोडवायचं आम्ही. पाय आत टाकायचे नाहीत.

घरातले पंख्याचे हूक त्यांनी माणूस लावून कापून काढले होते. फळ्या कमरेच्या वर नव्हत्या. आम्ही कपाटावर सुटकेस ठेवली तर दारातूनच आवाज आला, “खाली घ्या.” मी भिंतीवर कॅलेंडर लावलं तेव्हा मात्र बराच वेळ बघून म्हणाले, “चालतंय. कागद हाय.”

आणि त्यांची बाटली. बाजेशेजारी जमिनीवर एक पितळी ताट, त्यात काचेची रिकामी बाटली तोंड खाली करून उभी केलेली. रोज सकाळी ती तोलायला त्यांना बराच वेळ लागे. श्वास रोखून, दोन बोटांनी. जमीन जराशी हलली तरी बाटली ताटात आडवी पडायची आणि ताट घणघणायचं.

पहिले काही दिवस मी हे सगळं आईला फोनवर हसत सांगायची. मग एका सकाळी भाकरी थापता थापता माझ्या लक्षात आलं की मी वर बघतेय. कोपऱ्यातून निघून कापलेल्या हुकापर्यंत गेलेली एक केसाएवढी भेग मला दिसली. ती आधीपासून होती की नवी होती हे मला सांगता येईना. त्या दिवसापासून मी रोज ती भेग बघायला लागले. भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण त्या घरात राहून ती भीती हळूहळू माझ्या अंगात उतरली. नवरा सकाळी शाळेला जायचा तो संध्याकाळी यायचा. दिवसभर मी, ती भेग आणि अंगणातली बाटली.

तशात मला काम मिळालं. मिक्सर, कुकर बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी घरी बसून फोनवर ऐकायच्या आणि लॅपटॉपवर नोंदवायच्या. नवऱ्याची शाळा अर्ध्या अनुदानावरची, कितीतरी वर्षं अर्धाच पगार मिळणार होता, त्यामुळं या कामाची आम्हाला गरज होती. पण खरं सांगायचं तर मला ते त्याहून जास्त हवं होतं. दिवसभर कुणीतरी माझ्याशी बोलणार होतं. तीन महिने चाचणीचे होते. बोलता बोलता फोन तुटत राहिला तर ठेवणार नाही, असं कंपनीतल्या आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मोबाईलचं नेट आत खोलीत आलं तर यायचं. फायबरची वायर गल्लीपर्यंत आली होती, नेटवाल्यानं ती आमच्या भिंतीपर्यंत आणून डबी बसवून दिली. राऊटर मात्र तुमचा तुम्ही घ्या म्हणाला.

उमरग्याच्या बाजारात राऊटर घ्यायला मी एकटी जाणार होते. काका म्हणाले, “म्या येतो. विजेची वस्तू बाईमाणसाला बघून गळ्यात मारतेत.”

दुकानात तळापासून छतापर्यंत खोकी रचलेली. काकांनी एकदा वर बघितलं आणि ते रस्त्यावरच थांबले. शेवटी दुकानदाराला एकेक राऊटर बाहेर आणून दाखवावा लागला. त्यानं आधी मोठा आणला, चार अँटेनांचा, महाग.

“ह्याला सिग्नलचे दोन पट्टे हायत काका, बँड म्हंत्यात त्याला. एक नुसता पळतोय.”

“पळणारा पट्टा भिंतीतनं जातोय का?”

दुकानदारानं अँटेना मिटवल्या. “भिंतीला जरा अडतोय. जुना पट्टा जातोय.”

“ह्यांच्याकडं लॅपटॉप एक हाय. एकाला कशाला पळवायचं? जुन्या पट्ट्याचा दावा.”

मग तीन स्वस्तातले बाहेर आले. काकांनी चष्मा लावून एकेकाचा अडॅप्टर हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि बारा व्होल्टचा तेवढा बाजूला काढला. “लाईट गेली की ह्यो बॅटरीवर चालवता येतो,” त्यांनी मला समजावलं. “म्हंजी तुमचा फोन तुटणार न्हाय.” मला एकदम हायसं वाटलं. एवढा साधा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. पण मग त्यांनी तो राऊटर तळहातावर घेऊन तोलला, उचलून स्वतःच्या डोक्यावर धरला आणि सोडून दिला. डोक्यावर आपटून तो खांद्यावरून खाली आला, तो त्यांनी झेलला.

“पडला तरी कायबी हुत न्हाय,” ते म्हणाले. “ह्योच द्या.”

दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. बसमध्ये वर सामान नसलेली जागा शोधून काका खोकं मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली, कारण राऊटर हलका आहे याचा मलाही आनंद झाला होता.

लावायचं काम फारसं नव्हतं. डबीतून आलेली वायर राऊटरच्या निळ्या खाचेत, अडॅप्टर बोर्डात, आणि राऊटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवरचा पत्ता मोबाईलमध्ये टाकून नाव आणि पासवर्ड बदलायचा. काका दारात बसून माहितीपत्रक वाचत होते, मी आत ते सांगतील तसं करत होते. चिठ्ठीवरचाच पासवर्ड राहू द्यावा असा माझा विचार होता. “छापून आलेला कसा ठेवायचा? समद्यास्नी ठाव असंल,” म्हणून त्यांनी तो बदलायला लावला. भांडण लागलं ते राऊटर ठेवायचा कुठं यावरून. माहितीपत्रकात लिहिलं होतं, घराच्या मध्यभागी आणि उंचावर. नेटवालाही तेच सांगून गेला होता.

“उंचावर न्हाय,” काका म्हणाले.

“काका, तुम्हीच बघितलंत, हलका आहे तो.”

“आज ह्यो वर गेला की उद्या दुसरं कायतरी जाईल.”

राऊटर जमिनीवर, ज्वारीच्या कोठीशेजारी ठेवावा लागला. पत्र्याच्या कोठीनं अर्धा सिग्नल खाल्ला. पहिल्याच दिवशी दोनदा फोन तुटला. दुसऱ्या दिवशी काका पेन्शनसाठी बँकेत गेले असताना मी खिळा ठोकून राऊटर दारावर टांगला. दिवसभर एकही फोन तुटला नाही. संध्याकाळी काका आले, दारात थांबले, मान वर केली आणि आपल्या बाजेवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. मी ताट वाढून नेलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी राऊटर खाली काढला तेव्हा कुठं जेवले.

मला राग आला होता. आमचं पोट त्या डब्यावर अवलंबून होतं आणि हा माणूस एका खिळ्यावर अडून बसला होता. पण दोन दिवस ते अंगणात काहीतरी ठोकत होते. घर आणि ताडपत्री यांच्या मध्ये, माझ्या खिडकीच्या बरोबर समोर त्यांनी छातीएवढ्या उंचीचा लाकडी खांब रोवला, त्यावर मीटरची जुनी लोखंडी पेटी बसवली, वायर बाहेर ओढली आणि राऊटर पेटीत ठेवला. झाकण लावताच माझ्या लॅपटॉपवरचा सिग्नल गेला. काका पेटीकडं बघत उभे राहिले. “लोखंडानं अडिवलं,” ते स्वतःशीच म्हणाले. सगळा जन्म विजेत काढलेल्या माणसाला ते आधी सुचलं नव्हतं याची त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी फळ्यांची पेटी आली, वर पावसासाठी प्लास्टिक, शेजारी बॅटरी. खिडकी उघडी ठेवली की सिग्नल भरून यायचा.

असं महिनाभर बरं चाललं. मग एका दुपारी मी एका बाईंची तक्रार ऐकत होते. त्यांच्या मिक्सरमधून धूर आला होता. कानांवर मोठा हेडफोन होता, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कंपनीनंच पाठवलेला. एकदम पाठीत काहीतरी लागलं. वळून बघितलं तर काकांची चप्पल खाली पडली होती आणि काका उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांचं तोंड उघडं होतं, ते ओरडत होते, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. तो चेहरा मी विसरू शकत नाही. मी हेडफोन काढला तेव्हा पहिल्यांदा ताटाचा आवाज कानात शिरला. बाटली पडून घरंगळत होती. मी धावले. गल्लीत सगळे बाहेर आले होते. जमिनीतून गुरगुरल्यासारखा एक आवाज येऊन गेला होता, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. असे आवाज इथं अधूनमधून होतात, त्यातून पुढं काही होत नाही.

संध्याकाळी काकांनी मला बाजेजवळ बोलावलं. माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

“गणपती विसर्जनाच्या दिवशी म्या दुसऱ्या गावाला ड्युटीवर व्हतो, लायटिंगच्या. आमचं घर दगडमातीचं, वर मातीचं माळवद. त्या सालच्या पावसात गळत व्हतं. बायको म्हनली, वर माती टाका. म्या टाकली. चांगली जाड टाकली, परत परत गळाय नगं म्हनून.” ते आपल्या काळ्या अंगठ्याकडं बघत होते. “झोपेत व्हत्या दोघी. बायको न् पोरगी. पोरगी तिसरीत व्हती. म्या उजाडल्यावर आलो. ती माती म्याच वर चढिवली व्हती अन् म्याच उपसली.”

त्यांनी बाटली पुन्हा ताटात उभी केली.

“त्या झोपेत व्हत्या, त्यास्नी ऐकू आलं न्हाय. तुमी तर जाग्या हाव, मास्तरीनबाई. जागं असून कान बंद करून आत बसता. ते मला बघवत न्हाय.”

मी नोकरी सोडू शकत नव्हते आणि हेडफोनशिवाय नोकरी नव्हती. काकांनी वाट काढली. माझ्या टेबलावर लॅपटॉपच्या बाजूला त्यांनी एक लाल दिवा बसवायला लावला, त्याचं बटण स्वतःच्या बाजेशी घेतलं. दिवा लागला की जे चाललं असेल ते टाकून बाहेर यायचं, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

उसाचा हंगाम सुरू झाला होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यानं जायचे, बाटली पडायची, दिवा लागायचा. मी ग्राहकाला थांबायला सांगून पळायची. बाहेर आल्यावर काका मान हलवायचे, “ट्रॅक्टर व्हता.” असं तीनदा झालं. मॅडमनी विचारलं, तुम्ही मध्येच उठून कुठं जाता? मी खोटं बोलले, लाईट जाते म्हणाले. त्या म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी मी स्वतः तुमचा कॉल ऐकणार आहे. त्यावर ठरेल. त्या दिवशी असं झालं तर मला काही करता येणार नाही.”

मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “आता ट्रॅक्टरला दिवा लावत न्हाय. ट्रॅक्टरचं कानाला कळतंय. खरं असलं की आधी पायाला कळतंय.” त्यानंतर आठवडाभर दिवा लागला नाही. बाटली पडायची, काका अनवाणी उभे राहायचे, जमिनीवर पाय दाबून बघायचे आणि बाटली पुन्हा तोलायला बसायचे.

सोमवारी सकाळी मॅडम लाईनवर आल्या. एक आजोबा बोलत होते, एकेक वाक्य तीनदा. त्यांच्या कुकरचं झाकण अडकलं होतं. मी त्यांना झाकणावरचा नंबर वाचायला सांगितला आणि दिवा लागला.

मी दिव्याकडं बघितलं. मनात पहिल्यांदा जे आलं ते अजून आठवतं. मला काकांचा संताप आला. आजच कसा लागला, सांगितलं होतं यांना, असं आलं. मी नजर लॅपटॉपवर ठेवली. दिवा विझला, लागला, विझला, लागला. आजोबा नंबर वाचत होते, मी टाईप करत होते. ट्रॅक्टर असेल, मी स्वतःला सांगत होते. पण ते ट्रॅक्टरला दिवा लावत नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी मी खुर्चीतून उठले नाही.

दारात सावली पडली. मला वाटलं आता चप्पल येईल. ती आली नाही. डोळ्याच्या कडेनं मला काकांचे पाय दिसले. एक पाय उंबऱ्याच्या आत आला, मग दुसरा. ते माझ्या खुर्चीमागं आले आणि थांबले. मी मान वर केली. त्यांनी दोन्ही हात पसरून तळवे माझ्या डोक्यावर धरले होते, चार बोटं वर, न टेकवता. डोळे स्लॅबवर लागलेले. त्यांच्या हनुवटीवरून घामाचा थेंब माझ्या कीबोर्डवर पडला.

“नंबर परत सांगू का?” आजोबांनी विचारलं.

“सांगा,” मी म्हणाले.

तो कॉल किती वेळ चालला कुणास ठाऊक. तक्रार नोंदवली, आजोबांनी आभार मानले, लाईन बंद झाली. मी हेडफोन काढला.

“झालं?” काका वरच बघत होते.

“झालं.”

“चला मग.”

माझा दंड धरून त्यांनी मला बाहेर आणलं. गल्ली माणसांनी भरली होती. शेजारच्या काकू नातवाला छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या मांडणीवरची भांडी खाली आली होती. दोन वेळा हादरलं, त्या म्हणाल्या, दुसरा हादरा पहिल्यापेक्षा लांबला. भिंती सगळ्यांच्या शाबूत होत्या. मला खुर्चीत काहीच कळलं नव्हतं. मी समजत होते की माझेच पाय कापताहेत.

मोबाईलवर मॅडमचा निरोप आला होता, कॉल चांगला झाला, पुढच्या महिन्यापासून कायम. मी तो वाचला आणि मोबाईल मुठीत धरून उभी राहिले. संध्याकाळी मी त्यांना फोन करून दिव्याचं सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, दिवा लागला की उठत जा. पण ते नंतरचं. तेव्हा, त्या गल्लीत, काका जमिनीवर बसले होते. मी त्यांच्याशेजारी मातीत बसले.

“काका, खरं आहे हे तुम्हाला कळलं होतं?”

“पायाला कळलं.”

“मग तुम्ही आत कशाला आलात?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी अगदीच उघड गोष्ट विचारली असावी, तसं.

“तुमी बाहेर येत न्हवता,” ते म्हणाले.